गिळणाऱ्याचं गाव

एकदा काय झालं, सातासमुद्रापलीकडे आयर्लंड नावाच्या बेटावर एक इवलंसं गाव होतं. मागे डोंगर, पुढे नदी आणि मधे दलदल. वरून हिरवंगार गवत, खाली तळच नाही. म्हणून गावाचं नाव बॅलीस्लोगरा. त्यांच्या बोलीत बॅली म्हणजे गाव आणि स्लोगरा म्हणजे गिळणारा. गिळणाऱ्याचं गाव, बरं का.

हसता काय रे? नाव ठेवणारे वेडे नव्हते. नाव ऐकलं की माणूस पाऊल जपून टाकायचा.

त्या गावात गोबनित नावाची म्हातारी होती. दिवसभर पेंढ्याचे दोर वळायची आणि वळता वळता नातवंडांना प्रत्येक घळीचं, प्रत्येक वावराचं नाव शिकवायची.

मग एक दिवस मोजणीसाहेब आला. राजा परक्या देशाचा, हुकूम मात्र इथं. साहेबानं डोंगराकडे बोट केलं. "याचं नाव?"

"कोल्ह्याची पाठ," गोबनित म्हणाली.

साहेबानं नकाशावर लिहिलं, राजाची टेकडी. मग नदी ओलांडायची जागा आली. गोबनित म्हणाली, "हा म्हातारीचा उतार." साहेबानं लिहिलं, राणीचा घाट. मग आली दलदल.

"हा स्लोगरा. इथं पाय ठेवू नका."

"शी, काय घाणेरडं नाव," साहेब म्हणाला. "हे लुईझाचं कुरण." लुईझा म्हणजे त्याची लेक. "आणि गावाचं नाव लुईझापूर. जुनं नाव घेईल तो तुरुंगात जाईल."

गोबनितचं डोकंच फिरलं. "साहेब, कुरण म्हणून लिहिलंत, तर उद्या वाटसरू गुरं घेऊन आत शिरेल आणि मरेल. मी जुनंच नाव घेणार. टाका तुरुंगात."

साहेब हसला. कुरणच आहे हे दाखवायला गेला की तरातरा आत. आणि रुतला गुडघ्यापर्यंत.

गोबनितनं दोर फेकला. सगळं गाव ओढायला लागलं, पण साहेब हलेना.

"आमची जमीन हट्टी आहे," गोबनित म्हणाली. "नावानं हाक मारल्याशिवाय सोडत नाही."

"लुईझाचं कुरण!" साहेब ओरडला. गेला कमरेपर्यंत.

"राजाचं कुरण!" गेला छातीपर्यंत.

"लाज वाटत असेल तर राहू द्या," गोबनित म्हणाली. पण दोर तिनं सोडला नाही हं.

मग साहेब रडकुंडीला येऊन म्हणाला, "स्लोगरा."

दलदलीनं मोठ्ठी ढेकर दिली आणि साहेब बाहेर. बूट तेवढे तिनं ठेवून घेतले.

मग साहेबानं चिखलाच्या हातानं आपली सगळी नावं खोडली आणि गावाची लिहिली. गोबनित शेजारी उभी राहून म्हणाली, "ठळक लिहा. वाटसरूला लांबून वाचता आलं पाहिजे."

साहेब अनवाणी घरी गेला. गाव आपल्या नावानिशी सुखानं नांदलं आणि त्या दलदलीत पुन्हा कुणी बुडालं नाही.

चला, घ्या पांघरुणं. आपल्या वावरांची नावं म्हणत झोपायचं. सापपट्टी, वाघमाळ, बुडकीचं वावर. आणि कुणी आलंच बदलायला, तर काय म्हणायचं?

नाही म्हणायचं. आता नको शरयू, उद्या ओरड. आता झोप.