हौसाचं वळान

यातलं एक अक्षर जरी खरं वाटलं तुमास्नी, तर माझी शेळी तुमची. आधी ते इंजान बंद करा. किती गुरगुरतंय मेलं! एवढी दांडगी चाकं लावून आलाय, पर ह्या वळनावर गाडी वळली का? न्हाई वळनार. हितनं खाली उलटंच जायाचं. गाडीचं तोंड ह्या धोंड्याकडं, बूड वाडीकडं. दुधाचा टेंपो बी तसाच जातो.

का म्हनून? बसा, सांगते. न्हाई बसत? बरं, हुबं ऱ्हावा. हौसा बी तसलीच हुती.

वर तांबड्या खड्ड्यात पानी दिसलं न्हवं, ती खान. माझी सासू नवी नवरी हुती तवा चालू हुती, म्हनं. हौसा वाडीतनं खानीवाल्यांच्या भाकऱ्या वर न्यायची. पायाला भिंगरी. जेवायची बी चालत चालत. लगनात अक्षता पडायच्या आधीच पाटावरनं उठली, न् भटजी मंत्र म्हनत तिच्या मागनं! तिचा दाल्ला येसबा खानीचा टरक चालवायचा. तो म्हनायचा, "हौसे, घटकाभर बूड टेक की गं." ती म्हनायची, "तुमी बसूनच असता की दिसभर. दोघांचं तुमीच बसा."

एक दिस वर सुरुंग उडीवला न् खड्ड्याची कड फुटली. पानी, चिखल, दगूड, समदं सुटलं. हा धोंडा घसरत आला न् हितं वाटंवर अडला. त्याच्या मागं निम्मा डोंगर तटला. हौसा रिकामी पाटी घिऊन खाली निघालेली. धोंडा हलतोय बघितल्यावर तिनं पाटी टाकली, पाय रोवलं न् धोंड्याला पाठ लावून बसली. आता एक बाईमानूस डोंगर धरंल व्हय? म्या न्हाई म्हनत, समदी सांगत्यात.

धोंडा थांबला, म्हनं.

खानीतली मानसं तिच्याम्होरनं पळत सुटली. ती परत्येकाला इचारायची, "उठू का?" पळनारा कवा थांबतोय? मागं न बघता "अजून हायती वर" म्हनायचा न् जायाचा. समद्यात शेवटी येसबाचा टरक आला, मागं जखमी मानसं घातलेली. धोंड्यानं वळनावरची वाट खाल्लेली, वळायला जागा कुठली? त्यानं टरक तसाच उलटा खाली घातला. समद्यांनी तिला पाठ दावली, ह्याचं एकट्याचं तोंड तिच्याकडं.

"अवं, आता उठू का? मुंग्या आल्यात पायाला."

येसबानं आरशात बघितलं. खाली वाडी. चुली पेटल्याल्या, पोरं अंगनात. कुनाला कायबी ठावं न्हाई.

"बस गं," तो म्हनला. "वाडी रिकामी करतो न् येतो. तवर बस."

"लवकर या. मला हे जमत न्हाई."

त्यानं वाडी रिकामी केली. एक म्हातारं हटून बसलं हुतं, त्याला बाजल्यासकट उचललं. मंग "ऊठ हौसे, ऊठ" म्हनत पळत वर आला. हितं बाई न्हवती. धोंड्याला टेकून हा दुसरा धोंडा हुता, बघा, मांडी घालून बसल्यावानी. त्यानं घसा फुटंस्तवर हाका मारल्या, म्हनं.

आन वाडीवाली? आठ-पंधरा दिसांत परत आली की! मानसं ती. घरं शाकारली, पोरं झाली. येसबा रोज हितं येऊन "ऊठ" म्हनायचा, तर समद्या वाडीनं त्याचं पाय धरलं. "बाबा, आता तसं म्हनू नगंस. आमी खाली हाय." मंग काय करनार? रोज टरक उलटा घालायचा, तिच्याकडं बघायचा न् म्हनायचा, "बस गं." मरंस्तवर तेच म्हनला.

आजबी हितनं जानारा डरायवर काच खाली करून "बस गं हौसा" म्हनतो. न म्हनता गेला तर काय हुतंय, मला ठावं न्हाई. तसा कोन गेलाच न्हाई. आजबी दरसाली ही वाट बोटभर अरुंद हुत्या. मोजनी करनारी सायबं म्हनत्यात, डोंगर खचतोय. खचत असंल. मला वाटतं बाई चुळबुळ करत्या. बसून बसून किती बसंल?

हसू नगा रं. ढग चढाय लागलं. काच खाली घे, आन नीट म्हन, मोठ्यानं. माझी नातवंडं हायती खाली.

जावा आता.