परत द्यायची वाटी

"...पण भन्ते, या तीन देशांतला कुठला मला सगळ्यात जास्त देईल?"

उत्पलानं हे विचारलं तेव्हा भन्ते उपसेन विहाराच्या ओट्यावर भिक्षापात्र पुसत बसले होते. पुसणं काही थांबलं नाही.

मी बाजूला झाडू घेऊन उभा. सावरटोल्याच्या विहाराची झाडलोट माझ्याकडे, आणि दोघांच्या बोलण्यात तोंड घालायची खोडही माझीच. त्या सकाळी मात्र गप्प बसलो. पोरगी अकरावीत, आणि हुशार म्हणजे काय, विचारूच नका. वर्षभर परदेशातल्या शाळेत शिकायला आमच्या जिल्ह्यातून ती एकटी निवडली गेली होती. तिथल्याच एखाद्या घरात घरची मुलगी होऊन राहायचं, असा तो कार्यक्रम. देश तेवढा आपला आपण निवडायचा. आणि तिच्या मॅडमना आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"तुम्ही श्रीलंकेत राहिलात, जपान पाहिलंत," ती म्हणाली. "टोल्यावर आणखी विचारण्यासारखं आहे कोण?"

हे मला जरा लागलं. पण खोटं कुठं होतं?

"देश सांग," भन्ते म्हणाले.

"जपान, जर्मनी, अर्जेंटिना. जपानात शिस्त शिकायला मिळेल. जर्मनीत पुढचं कॉलेज सोपं जाईल. अर्जेंटिनाला आपल्याकडचं कुणीच गेलेलं नाही, म्हणजे नाव होईल."

"आणि घरं?"

"घरं म्हणजे?"

"देशात कोण राहतं, पोरी? माणूस घरात राहतो."

ती थोडी गडबडली. मग भराभरा सांगायला लागली. जपानात एक म्हातारं जोडपं. अर्जेंटिनात आईबाप, तीन पोरं आणि दोन कुत्रे.

"जर्मनीचं घर मी काढूनच टाकलंय," ती म्हणाली.

"का बरं?"

"तिथली बाई त्या मुलांची सख्खी आई नाही. नंतर आलेली आहे."

...

आता मात्र भन्त्यांचा हात थांबला.

"त्या घरातल्या बाईला काय म्हणायचं असतं?"

उत्पला एकदम खुलली. "आईच म्हणायचं असतं, त्यांच्या भाषेत. मी शिकूनसुद्धा ठेवलंय. जपानीत ओकासान. स्पॅनिशमध्ये माद्रे. जर्मनमध्ये मुटर." तिन्ही शब्द तिनं असे म्हटले, की जणू तिथंच वाढली.

"छान," भन्ते म्हणाले. "आणि निर्मलेला काय म्हणतेस?"

...

आता हे तुम्हाला सांगायला हवं. उत्पलाची आई ती सातवीत असताना तापानं गेली. पुढं बापानं निर्मलेला घरात आणलं. बाई गरीब स्वभावाची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवसापासून पोरगी झोपायला घरी आणि जेवायला आत्याकडे. निर्मलेशी बोलायची वेळ आलीच, तर भिंतीकडे बघून बोलायची. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. आत्यानं समजावलं, मीही समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"काही म्हणत नाही," उत्पला म्हणाली. "गरजच पडत नाही."

भन्ते उठले. चीवर सारखं केलं. पात्र तिच्या हातात दिलं.

"चल. पिंडपाताला जाऊ. आज पात्र तू धर."

"पण भन्ते, माझं उत्तर..."

"भूक लागली," भन्ते म्हणाले आणि पायऱ्या उतरायला लागले.

मी झाडू टाकला, डबा उचलला, मागं निघालो. म्हटलं, हे चुकवायचं नाही.

आमच्या भन्त्यांचा पिंडपात, म्हणजे भिक्षेची फेरी, जुन्या पद्धतीची. दारात उभं राहायचं, मागायचं नाही, वर बघायचं नाही. जे पात्रात पडेल ते घ्यायचं. पात्र धरणाऱ्यालाही तोच नियम. आणि वाटेतलं एकही घर सोडायचं नाही.

पहिल्या घरी भात मिळाला. दुसऱ्या घरी वरण, ते मी डब्यात घेतलं. तिसऱ्या घरचा गेडाम दारातूनच म्हणाला, "आज काई नाई जी, भन्ते." भन्त्यांनी त्यालाही तेवढ्याच प्रेमानं "भवतु सब्ब मंगलं" म्हटलं. पुढचं घर तर कुलूपबंद. भन्ते तिथंही उभे राहिले.

"कुणी नाही इथं," उत्पला पुटपुटली.

भन्त्यांनी कुलपालाही आशीर्वाद दिला, मग पुढं निघाले. मला हसू आलं, ते मी डब्याच्या झाकणामागं लपवलं.

गल्लीच्या वळणावर पोरीचे पाय थांबले.

"इकडून जाऊ या, भन्ते. इकडून जवळ पडतं."

तिकडून जवळ पडत नव्हतं. तिकडून गेलं की तिचं घर टळत होतं, एवढंच.

भन्ते जागचे हलले नाहीत.

"नियम काय सांगितला होता?"

"...घर सोडायचं नाही."

"मग?"

"ते माझंच घर आहे, भन्ते. स्वतःच्या दारात कुणी पात्र घेऊन उभं राहतं का?"

"पात्र माझं आहे," भन्ते म्हणाले. "तू नुसतं धर."

ती उभी राहिली. अंगणात, खांबासारखी ताठ, मान खाली. भन्ते शेजारी. मी दोन पावलं मागं, डबा धरून.

निर्मला बाहेर आली. "या जी भन्ते," म्हणाली आणि पात्र धरणारीकडे लक्ष जाताच तिथंच थबकली. डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला. मग आत गेली, भात आणला. पात्रात घालताना चार शितं पोरीच्या अंगठ्यावर सांडली. उत्पलानं हात हलवला नाही. वर बघायचं नव्हतं, म्हणून तिला दिसत होते ते फक्त निर्मलेचे हात. काकणं वर सरकवलेली, बोटं चुलीच्या कामानं काळवंडलेली. एवढ्या जवळून ते हात तिनं कधी पाहिले असतील असं मला वाटत नाही.

निर्मला पुन्हा आत गेली. बराच वेळ आली नाही.

आली ती एक झाकलेली वाटी घेऊन.

"भन्ते," ती म्हणाली, "हे घ्या जी. अंबाडीची भाजी हाय. कण्या घालून केली, पोरीच्या मायसारखी. तिच्या आत्याले विचारून शिकली मी."

वाटीवरचं झाकण तिनं नीट बसवलं.

"हा तिचा वाटा हाय. रोज काढून ठेवतो आम्ही. रोज राहून जाते." मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आता तर दूर देशाले चालली. तिथं कोण देईन तिले अंबाडी... आज तुमच्या पात्रात पडू द्या. कोणाच्या तरी पोटात जाईन."

पात्र भातानं भरलेलं. निर्मलेनं वाटीच भातावर ठेवली.

"भांडं मंग वापस देजा," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, कुणास ठाऊक.

"भवतु सब्ब मंगलं," भन्ते म्हणाले.

परत येताना पोरगी पात्र छातीशी धरून चालत होती आणि तिचे डोळे त्या वाटीवरून हलत नव्हते.

विहारात भन्ते जेवायला बसले. पात्र समोर घेतलं. वाटी उचलली, झाकण काढलं. अंबाडीचा आंबट वास आणि वर लसणाची फोडणी... माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

भन्त्यांनी वाटी उत्पलापुढे सरकवली.

"हे माझ्या पात्रात दुसऱ्या कुणाचं आलंय."

"भन्ते, मी..."

"दुसऱ्याचं अन्न मी कसं खाऊ?"

ती बघत राहिली. मग एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला रडायला लागली, आणि रडता रडताच खात राहिली. हुंदका येई, घास गिळी, पुन्हा हुंदका येई. मी तिच्याजवळ पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि खांबाआड जाऊन माझे डोळे पुसले. का नाही पुसणार? पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली.

भन्ते खाली मान घालून आपला भात खात होते. सावकाश. तिचं रडणं आटोपेपर्यंत त्यांचा भात पुरला.

"सेम तशीच आहे चव," ती शेवटी म्हणाली. "आईच्या हातासारखी... नाही, थोडी आंबट जास्त आहे."

"बरं," भन्ते म्हणाले.

"रोज काढून ठेवतात. मला ठाऊकच नव्हतं."

भन्त्यांनी पात्राच्या तळाचं शीत टिपलं.

"म्हणजे... ठाऊक होतं, भन्ते. चुलीपाशी झाकलेलं दिसायचं. मी उघडून बघत नव्हते."

भन्त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

शेवटी मलाच राहवेना. "पोरी, संध्याकाळचा फोन? देशाचं काय ठरलं?"

"जर्मनी," ती म्हणाली.

"अगं, ते तर तू काढून टाकलं होतंस!"

"घर सोडायचं नसतं, काका."

आणि मग हळूच म्हणाली, "ती मुलं त्या बाईंच्या हातचं जेवतात की नाही, ते बघायचंय मला. जेवत नसतील तर सांगायचंय त्यांना."

मी भन्त्यांकडे पाहिलं. वाटलं, आता शाबासकी देतील. ते आपलं पात्र धूत होते.

उत्पला उठली. हौदावर जाऊन वाटी घासली, ओढणीनं पुसली. दारापर्यंत गेली. पायरीवर थांबली, पुन्हा परत आली. वाटी हातात तशीच.

"भन्ते... आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत. काहीतरी घालून न्यावं लागतं."

"हो."

"माझ्याकडे काहीच नाही."

"थांब," मी म्हणालो. बुद्धमूर्तीसमोरची केळी होती, त्यातली दोन तोडायला गेलो. त्याला काय लागतं? दोन केळी घातली की झालं.

भन्त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

ते उत्पलाकडे बघत होते. इतक्या मायेनं, की तिनं मान खाली घातली.

"तीन देशांतला शब्द पाठ आहे ना तुला?"

"...हो, भन्ते."

"त्यातला नको. इथला घालून ने."