सखाहरीचं भाषण

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तसंच करायचा, पण भलत्याच जागी. त्याच्या वस्तीला नळ नव्हता. बायको तारा म्हणाली, "ग्रामपंचायतीला उभे राहा. निवडून आलात तर नळ तरी येईल." सखाहरी उभा राहिला. समोर होते पुंजाजीराव, दर वेळी निवडून येणारे.

सासरे तात्या पुढाऱ्यांची भाषणं ऐकून पिकलेले. ते म्हणाले, "जावईबापू, नळाचं कोणी ऐकत नाही. स्वतःची गोष्ट सांगा. म्हणा, मी तुमच्यातलाच. तुम्ही सोसलं ते मीही सोसलं."

"ध्यानात ठेवतो," सखाहरी म्हणाला.

पहिली सभा बायकांची. "आयाबहिणींनो, मी तुमच्यातलाच. तुमच्यासारखी बाळंतपणं मीही सोसलीत." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सखाहरीही हसला. कोणाला हसतायत ते त्याला घरी आल्यावर कळलं. आपल्यालाही असंच उशिरा कळतं, फक्त आपण कबूल करत नाही.

तात्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, बायकांत बायकोचं कौतुक करावं. मी कसला, तिनेच मला उभं केलं, म्हणावं."

"ध्यानात ठेवतो."

दुसरी सभा तालमीत. "पैलवानहो, मी कसला! घरात बायकोच मला उभं करते. ती बस म्हणाली की बसतो." पैलवान हसून हसून मातीत आडवे झाले.

"अहो, तालमीत मर्दुमकी सांगावी. भल्याभल्यांना लोळवलंय, म्हणावं."

"ध्यानात ठेवतो."

तिसरी सभा पारावर, म्हाताऱ्यांची. सखाहरीने दंड थोपटले. "इथल्या भल्याभल्यांना मी लोळवलंय."

एक आजोबा काठी टेकत उठले. "कधी रे?"

"ते तात्यांनी सांगितलं नाही."

तात्या रडकुंडीला आले. "अहो, थोरांपुढे नमतं घ्यावं. मी अडाणी, माझी लायकी नाही, आपणच थोर, म्हणावं."

"ध्यानात ठेवतो."

शेवटची सभा दोन्ही उमेदवारांची, एकाच मंचावर. आधी पुंजाजीराव बोलले. अनवाणी शाळेत गेलो, चिमणीच्या उजेडात शिकलो, म्हणत त्यांनी डोळे पुसले. गावातली पहिली जीप त्यांच्याच वडिलांची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग सखाहरी उठला. त्यांच्या पाया पडला आणि लोकांना म्हणाला, "मी अडाणी. माझी लायकी नाही. हे पुंजाजीरावच थोर."

तात्या मंडपामागे जाऊन डोकं धरून बसले. पण लोकांना गहिवरून आलं. माईकवर खरं बोलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. वारं फिरलं. जो तो सखाहरीचं नाव घेऊ लागला.

मतमोजणी झाली. सखाहरी एका मताने पडला.

तात्या चवताळले. आपल्यातलं कोणाचं मत फुटलं, म्हणून घरोघर विचारत हिंडले. सगळ्यांनी शपथा घेतल्या. शेवटी ताराने नवऱ्यालाच विचारलं, "अहो, तुम्ही कोणाला दिलंत?"

"पुंजाजीरावांना," सखाहरी म्हणाला. "तेच थोर आहेत म्हणून अख्ख्या गावाला सांगितलं होतं मी. आपल्या घरात मात्र एकानेही ऐकलं नाही बघ. मी एकट्याने ऐकलं."