बदामाएवढी भीती

“मग ती ऑपरेशनला नाही का म्हणते?”

मेंदूच्या सर्जरीत हयात घालवलेल्या निमकर सरांनी एवढंच विचारलं आणि त्यांचा शिष्य, डॉक्टर जयेंद्र म्हात्रे, उसळलाच.

“अडाणीपणा, सर! दुसरं काय? तासभर समजावलं. मॉडेलसुद्धा दाखवलं.”

मॉडेल त्याच्या हातातच होतं. जयेंद्र पेणचा, गणपतींच्या कारखान्यात वाढलेला. सात आठवडे खपून त्यानं शाडूच्या मातीत मेंदूचा कानशिलाआडचा, अगदी आतला भाग घडवला होता. समुद्रघोड्यासारखा वळलेला हिप्पोकॅम्पस निळा. त्याच्या तोंडाशी बदामाएवढा अमिग्डाला पिवळा, सुटा निघणारा. काम इतकं देखणं, की वॉर्डातल्या सिस्टर फोटो काढून गेल्या होत्या. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

“काय समजावलंस?”

“नव्या आठवणी ह्या निळ्यात घडतात, भीती ह्या पिवळ्यात उठते. उजव्या बाजूचा बिघडलेला भाग काढला, की फिट्स थांबतील.”

“ती काय म्हणाली?”

“म्हणे, शुद्धीवर आल्यावर मला माझी लेक ओळखू येईल ना? सर, डावी बाजू शाबूत आहे, सगळ्या तपासण्या झाल्यात! तेही सांगितलं. तरी रडतेच आहे. शेवटी म्हटलं, मथुराबाई, ही भीती म्हणजे फक्त तुमचा अमिग्डाला. तर उठून पिशवी भरायला लागली!”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

मथुरा ढेबेला आधी जळका वास यायचा, मग शुद्ध जायची. गेल्या महिन्यात ती पेटत्या चुलीवरच कोसळली होती. आता दोनच्या एसटीनं ती घरी निघाली, तर पुढची फिट तिला कुठे गाठेल, कोणी सांगावं?

सरांनी मॉडेल हातात घेतलं.

“भीती कुठे म्हणालास?”

“इथे, सर. हा पिवळा.”

“नक्की?”

“शंभर टक्के!”

सरांनी मॉडेल एका तळहातावर तोललं. हात टेबलाबाहेर नेला. खाली दगडी फरशी. हात सावकाश तिरका झाला...

“सर!”

आणखी तिरका.

“सर, नको! फुटेल!”

बदाम सुटला. जयेंद्रनं खुर्ची उलथवून झेप घेतली आणि फरशीच्या वीतभर वर तो झेलला.

बाकीचं मॉडेल सरांनी अलगद टेबलावर ठेवलं.

जयेंद्र तसाच गुडघ्यांवर. मूठ गच्च मिटलेली, तोंडाला कोरड, छातीत धडधड. इतका तो परीक्षेतसुद्धा कधी घाबरला नव्हता.

“आता सांग. भीती कुठे आहे?”

त्यानं मुठीकडे पाहिलं. मग बोट उचललं, पण हात असा थरथरत होता, की ते कुठे रोखावं तेच कळेना.

“सर... पाच मिनिटं द्या. जरा शांत होतो, मग बाईंशी बोलतो.”

“नको,” सर म्हणाले. “थरथर आहे तोवर जा.”