इस्तरबाईची काहील

फार वर्षांपूर्वी, आमच्या भोकरठाणला पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नदी तेव्हाही होती, आणि आताच्यापेक्षा दांडगी होती. जवळ सरकून बसा. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या. घाबरलेल्या माणसांचीच ही गोष्ट आहे.

गाव अलीकडं आणि गावाला लागणारं सगळं पलीकडं. बाजार पलीकडं, दवाखाना पलीकडं, मोठा रस्ताही पलीकडंच. उन्हाळ्यात माणसं गुडघाभर पाण्यातून चालत जायची. पावसाळा लागला की नदी लाल व्हायची, आणि मग काहिलीशिवाय दुसरा जवळचा मार्ग नव्हता. काहील म्हणजे गुऱ्हाळातली लोखंडी कढई, उसाचा रस आटवायची. एवढी मोठी, की चार माणसं मांडी घालून बसतील. गुऱ्हाळ संपलं की तीच नदीत सोडायची. अलीकडच्या उंबरापासून पलीकडच्या करंजापर्यंत जाड दोर बांधलेला असायचा. तो हातांनी ओढत ओढत पलीकडं जायचं. पण काहील पडली गोल. तिला ना पुढं, ना मागं. पाणी जरा चढलं की ती भोवऱ्यासारखी फिरायची, आणि आतल्या माणसाला आपला काठ कुठला हेच कळेनासं व्हायचं.

ही काहील ओढायचा मोशा. ख्रिस्ती वस्तीवरचा, उंचपुरा, सदा हसरा. तो काहिलीत उभा राहून दोर ओढायचा. बाया ओरडायच्या, "आरं, खाली बस की मुडद्या!" तर म्हणायचा, "पाणी मला वळखतं." एका भाद्रपदात पाण्यानं ओळख दाखवली नाही. लाटेचा एक टोला बसला आणि उभा माणूस दिसेनासा झाला. काहील खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. मोशा सापडला नाही. असं म्हणतात, की त्यानंतर त्या काहिलीला कुणी हात लावला की लोखंड कण्हायचं.

मोशाची बायको इस्तर. तिच्याइतकं भित्रं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. वीज चमकली की ती कणगीमागं लपायची, म्हैस शिंकली तरी दचकायची. मोशा गेल्यावर तर तिनं नदीकडं बघणंच सोडलं. धुणं विहिरीवर, पाणी विहिरीचं. काहील लोकांनी तिच्या दारात आणून पालथी घातली, ती तशीच पडून राहिली.

पुढच्या पावसाळ्यात रंगनाथ पैलवानाचं तान्हं पोर तापानं फणफणलं. पैलवान मोठा नावाजलेला गडी, चार गावच्या जत्रा मारलेला. त्याची बायको भागू पोराला पदरात घेऊन काठावर आली. नदी भरून वाहत होती, गुरासारखी हंबरत होती. भागू म्हणाली, "अवं, काहील घ्या की. दोर हाय अजून."

पैलवान हाताची घडी घालून उभा राहिला. "मला काय भ्या हाय व्हय? पर कशाला उगं? उतरंल पाणी सकाळपतुर."

पाणी उतरलं नाही. दिवस मावळायच्या आत भागू रिकाम्या कुशीनं घरी गेली.

इस्तरचं घर काठालाच, तिनं हे सगळं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. काहील तिच्याच दारात होती. त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिला वाटलं, एक माणूस भीती नाही म्हणून उभा राहिला आणि बुडाला. दुसरा भीती नाही म्हणाला आणि लेकरू गेलं. आणि मी भीती आहे म्हणून दाराआड बसले.

उजाडायला ती नदीवर गेली. उंबराखाली गुडघे टेकले आणि म्हणाली, "प्रभू, मला शूर करू नगस. मोशा शूर व्हता. मला भित्रीच ऱ्हाऊ दे. फक्त आजच्यापुरतं हातात बळ दे."

आजच्यापुरतंच का? तर वस्तीवरच्या ख्रिस्ती देवळात पाळकांनी सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रानात भटकणाऱ्या आपल्या लोकांना देवानं आभाळातून मान्ना नावाचं अन्न दिलं, ते रोजचं रोज वेचायचं. उद्याला म्हणून कुणी झाकून ठेवलं तर सकाळी त्यात किडे. इस्तरला वाटायचं, बळाचंही तसंच असणार.

त्या दिवशी तिनं काहील सुलटी करून नदीत लोटली. लोखंड कण्हलं. तीही कण्हली. आणि दोर ओढत एकटी पलीकडं जाऊन परत आली. काठावर येऊन ओकली, असंही म्हणतात.

मग तीच गावाची काहीलवाली झाली. पण तिचा एक कायदा होता. काहिलीत पाय टाकण्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, "भ्या वाटतंय का?" वाटतंय म्हणणाऱ्यालाच बसवायची. नाही म्हणणाऱ्याला नाही. ती म्हणायची, भ्यालेलं माणूस कड धरून गप बसतं. न भ्यालेलं उठून उभं राहतं. मग ती माणसं मोजायची. "मी एक, तू दोन, आन तीन तो. आपला प्रभूबी मरणाच्या आदल्या रातीला बागेत भ्याला व्हता, घामानं निथळला व्हता. चला, तिघं झालो." नेहमी एक जास्त. त्या काळी शिवाशीव मोठी होती, पण त्या काहिलीत गुडघ्याला गुडघा लावून सगळे बसायचे. नदीच्या मधोमध कोण विचारतो कुणाची जात?

म्हातारी तान्हूबाई म्हणायची, "भ्या वाटतंय गं, पर पाण्याचं न्हाई, तुझ्या तोंडाचं!" इस्तर म्हणायची, "कशाचंबी चालंल. बस खाली."

एकदा रंगनाथ पैलवान आला. "ए इस्तर, चल, बाजाराला जायचंय."

"भ्या वाटतंय का, पैलवान?"

"मला? कशाचं?"

"मग पोहत जावा."

काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पैलवान लालबुंद झाला. त्यानंतर तो सात कोसांचा वळसा घालून बाजाराला जायचा, पण त्या काहिलीत बसला नाही.

अशी काही वर्षं गेली. रोज सकाळी इस्तर उंबराखाली थरथरायची, रोज मागायची, रोज ओढायची.

मग तो श्रावण आला. आभाळ फाटलं. वरच्या अंगाच्या वाड्यांमधली छपरं, मेलेली गुरं, मुळासकट झाडं वाहत यायला लागली. नदीला आवाजच राहिला नाही, नुसता थरकाप. घरातली भांडी आपोआप वाजायची. आणि त्याच दिवशी भागूचे दिवस भरले. सुईण बाहेर आली ती कपाळावर हात मारतच. "मूल आडवं हाय. दवाखान्यात न्या, न्हाईतर दोन्ही जीव जातील."

भागूला बाजेवर घालून काठावर आणलं. सगळा गाव मागं. दुपारची वेळ, पण दिवेलागणीसारखा अंधार. इस्तरनं नदीकडं पाहिलं आणि तिची दातखिळी बसली. असं म्हणतात, की तिच्या अंगाचं कापरं काहिलीत उतरलं आणि काहील काठावरच खुळखुळायला लागली. ती उंबराला धरून बसली. ओठ हलले. मग उठून तिनं भागूच्या तोंडावरून हात फिरवला. "भ्या वाटतंय का, बाई?"

भागू कळांमधून म्हणाली, "वाटतंय, काकू."

"बस मग. पोटाशी हात धर."

तिला निजवून होते न होते तोच रंगनाथनं काहिलीत पाय टाकला. इस्तरनं त्याच्या छातीला हात लावला. "भ्या वाटतंय का?"

"आता ईळ हाय का ह्याला? न्हाई वाटत! चल!"

"मग काठावर थांबा."

गाव ओरडायला लागलं. कुणी म्हणालं, "अगं, त्याची बायकू हाय!" कुणी म्हणालं, "दोर ओढाया गडी नको व्हय?" इस्तर हलली नाही. हात तिथंच. "मोशाबी असाच म्हनला व्हता," एवढंच ती बोलली.

भागूनं एक किंकाळी फोडली. पैलवानाचं तोंड वेडंवाकडं झालं. तो सगळ्या गावासमोर चिखलात गुडघ्यावर बसला. "वाटतंय, इस्तरबाई. लई वाटतंय. तवाबी वाटत व्हतं. पोरगं गेलं माझं, पर तोंडानं निघालं न्हाई."

इस्तरनं हात काढला. "या मग. मी एक, भागू दोन, तुमी तीन, आन तो. चौघं झालो. कायबी झालं तरी उठू नगा."

काहील निघाली. मधोमध गेली आणि गरगर फिरायला लागली. तेवढ्यात वरून आंब्याचं अख्खं झाड वाहत आलं आणि दोरात अडकलं. उंबराकडच्या बाजूनं दोर तुटला, बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. आता दोराचं एकच टोक उरलं, पलीकडच्या करंजाला. सोडलं तर संपलं. तिथं कुणीही झटकन उठलं असतं. मोशा उठला असता. पण रंगनाथ इतका भ्याला होता, की बसल्या जागी काहिलीच्या बुडाला चिकटला, दोराला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि लेकरासारखा रडत रडत धरून राहिला. इस्तरनं त्याच्या पुढं धरला. दोर तळव्यांतून सरकायला लागला, कातडी सोलत. ती ओरडत होती, "आजच्यापुरतं! आजच्यापुरतं!"

मग दोर सरकायचा थांबला.

काठावरच्या लोकांनी जे पाहिलं ते असं सांगतात: काहिलीत चौघं होते. एक आडवं आणि तिघं दोराला. तिसऱ्याचे हात सगळ्यांत मागं होते. कुणी म्हणालं तो मोशा, परत आलेला. वस्तीवरचे म्हणाले तो प्रभू. कुणी म्हणालं पावसाचा धूर. दोर ताठला, आणि नदीनंच रेटा देऊन काहिलीला वळवत वळवत पलीकडच्या काठाला नेऊन लावलं, गोफणीतल्या दगडासारखं.

भागूला मुलगी झाली. दोन्ही जीव वाचले. लोकांनी इस्तरला विचारलं, "चवथा कोण व्हता गं?" ती म्हणाली, "माझी नजर दोरावर व्हती. मागं कोण बघतंय?"

इस्तर रातोरात वळसा घालून अलीकडं परतली, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर गावानं नवा दोर बांधला. तळव्यांना फडकी गुंडाळून इस्तर उंबराखाली आली, तर कालच्यासारखीच थरथर कापत होती. तान्हूबाई म्हणाली, "आता गं कसलं भ्या तुला? एवढा पूर पार केलास!"

"ते कालचं व्हतं, आत्या. कालच्याला कालचं बळ लागलं. आज पुन्हा मागायचं." आणि ती गुडघ्यांवर बसली.

केस पांढरे होईपर्यंत ती दोर ओढत राहिली. ती देवाघरी गेली त्या सकाळी नदी अगदी संथ होती, तरी दोर ताणलेला होता, जणू कुणीतरी पलीकडं चाललंय. असं म्हणतात.

आता पूल झाला. काहील ख्रिस्ती देवळाच्या अंगणात लिंबाखाली ठेवलीय. रंगनाथाच्या घराण्यात दर पिढीला एका मुलीचं नाव इस्तर ठेवतात, ख्रिस्ती नसूनही. आणि गावातून कुणी ऑपरेशनला निघालं, परीक्षेला निघालं, लेक सासरी निघाली, की आधी त्या माणसाला काहिलीत बसवतात, गुडघे पोटाशी घेऊन. घरातलं थोरलं माणूस विचारतं, "भ्या वाटतंय का?" खरं सांगावं लागतं. नाही म्हणणाऱ्याला उठू देत नाहीत. वाटतंय म्हटलं, की काहील एकदा हातानं हलवायची. लोखंड अजून कण्हतं.

मग माणसं मोजायची. बसलेलं एकटंच असलं तरी आमच्या गावात दोन मोजतात.