वत्सला नावाचं नेटवर्क

"पण महाराज, वेग तिप्पट झाला. मग आई रडते कशाला?"

केवळगिरी महाराज मठीच्या ओसरीवर पावटे सोलत बसले होते. नदीकाठची ही एवढीशी मठी, तिथं ते एकटेच राहत. त्यांनी एक शेंग सोलली, दुसरी उचलली.

इंद्रजित वाट बघत राहिला. कोल्हापुरात एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क तो सांभाळायचा. यंत्र कुठं बिघडलंय हे त्याला चुटकीसरशी कळायचं, आणि त्याची त्याला थोडी घमेंडही होती. आईचं कुठं बिनसलं ते मात्र परवापासून कळत नव्हतं.

"काय केलंस नेमकं?"

"घरच्या वायफायचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. आप्पांनी बसवलं तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता त्याला. बाहेरचा कुणीही घुसला असता. मी सगळं पुसून नव्यानं बसवलं. नवा पासवर्ड, नवं नाव. आता माडीवरसुद्धा फुल रेंज आहे."

"मग?"

"आई तिच्या फोनला हात लावू देत नाही. तिचा फोन अजून जुनंच नाव शोधतोय. मी नवं टाकून देतो म्हटलं, तर पदराखाली धरून बसली. आणि आज सकाळी बॅग भरली. मिरजेला मामाकडं निघालीय, कायमची."

तो महाराजांच्या आणखी जवळ सरकला.

"आप्पांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तीही गेली तर त्या घरात मी एकटा काय करू? तुमचं ती ऐकते, महाराज. वस्तूंचा मोह बरा नव्हे, एवढं तिला समजावून सांगा."

"सांगू की." महाराजांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले. "नवं नाव काय ठेवलंस?"

"इंद्रजित फाइव्ह-जी."

"वा! आणि जुनं?"

"ते आप्पांनीच काहीतरी ठेवलेलं..."

"काय?"

इंद्रजितनं मान खाली घातली. वडिलांनी ठेवलेल्या त्या नावाची त्याला कायम लाज वाटत आली होती. गल्लीतल्या कुणीही आपल्या फोनवर नेटवर्क शोधलं, की यादीत तेच दिसायचं.

"वत्सला."

"कोण ही वत्सला?"

"आई."

महाराजांचा हात थांबला.

"आप्पा घरात तिला वत्सला म्हणायचे?"

"छे! आप्पा कुठले म्हणतायत! 'अगं' म्हणायचे. नाहीतर 'ऐकलंस का'. मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून आईचं नाव..."

तो बोलता बोलता थांबला.

"आणि तुला काय म्हणायचे?"

"मला?" हे आता मध्येच कुठून आलं, त्याला समजेना. "गुंड्या. मी एवढा घोडा झालो तरी गुंड्याच."

महाराज टरफलांचं सूप घेऊन उठले आणि ते रिकामं करायला मठीमागं गेले.

इंद्रजित तिथंच बसून राहिला. गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला होता. आपण मोहाचं विचारायला आलो, आणि हे नावांची चौकशी करत बसले. यंत्र तर तेच आहे, त्याच कोनाड्यात आहे. जुनं नाव परत द्यायचं म्हटलं तर मिनिटाचं काम, इथं बसूनही होईल.

त्यानं फोन काढून घरच्या वायफायची सेटिंग उघडली. नावाच्या रकान्यात 'वत्सला' टाइप केलं. अक्षरं तीच, तशीच. 'सेव्ह'वर बोट नेलं... आणि ते तिथंच अडलं. काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते त्याला सापडेना.

"गुंड्या!" मागून हाक आली.

"ओ!"

तो ताडकन उभा राहिला होता. फोन निसटून पावट्यांच्या ताटलीत पडला. तोंडून ओ कशी गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आप्पा गेल्यापासून या नावानं त्याला कुणीच बोलावलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि इतकं का वाईट वाटतंय हेही धड उमगेना.

महाराज रिकामं सूप घेऊन ओसरीवर आले.

"महाराज, आप्पा तर... मग मी ओ कुणाला दिली?"

महाराजांनी पावट्यांतून फोन उचलला, कफनीला पुसला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"ते जुनं नाव परत देऊ की नको? तेवढं तरी सांगा."

महाराज खाली बसले. शेवटची शेंग राहिली होती, ती त्यांनी सोलली.

"हाक मारणारा गेला. ओ मागं राहिली..."

ताटली बाजूला ठेवून त्यांनी विचारलं,

"मिरजेची गाडी कितीला आहे?"