डाल्याबाहेरचा एक दिवस

माणसांच्या दारात कोंबड्या नुकत्याच राहू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. चंद्री कोंबडीला रोज संध्याकाळी पिल्लांसकट बांबूच्या डाल्याखाली झाकून ठेवायचे. तिचा जीव घुसमटायचा. "आपल्या पणज्या रानात राहायच्या, झाडावर झोपायच्या. काय ते दिवस!" असं म्हणत एका सकाळी ती आठही पिल्लं घेऊन रानात गेली.

तिथे एक रानकोंबडी दोन पिल्लांना घेऊन पाचोळा उकरत होती.

"मावशी, आम्ही आता पूर्वीसारखं इथेच राहणार," चंद्री म्हणाली. "तिकडे माणूस डाल्याखाली झाकून ठेवतो, अंडी उचलून नेतो गं."

"इकडे मुंगूस नेतं. ही सगळी तुझीच का?"

"हो, आठ. तुझी दोनच?"

"माझीही आठच होती, बाई."

चंद्रीने घाईघाईने पिल्लं जवळ ओढली. दिवसभर ती पान हललं तरी दचकत होती. ऊन कलल्यावर ती पिल्लं घेऊन परत निघाली, तशी रानकोंबडी मागून धावत आली.

"मला काही झाकून घेणं सोसायचं नाही. मी इथेच बरी," ती म्हणाली. "पण ह्या दोघांना नेशील का गं?"

चंद्री वाटेतच थांबली. दहाही पिल्लं पुढे झाली, तेव्हाच तिने पाऊल उचललं.